हे काढू नका

"सर, घाई नाही. नीट बघा," असं म्हणत मुलीने लॅपटॉप उस्तादांच्या मांडीवरच्या उशीवर ठेवला.

उस्तादांनी डाव्या हाताने चष्मा सारखा केला. पक्षाघातानंतर उजवा हात नुसता सोबतीला होता.

नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेटीचा प्रोग्राम त्यांनी एकहाती लिहिला होता. ही मुलगी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. प्रोग्राममध्ये यंत्राला द्यायच्या हुकमांशेजारी माणसांसाठीही दोन शब्द लिहिता येतात: हे का केलं, कशासाठी केलं. यंत्र ते वाचत नाही; मागून येणारा वाचतो. असे शब्द लिहून ठेवा म्हणून मुलीने कितीदा विनवलं होतं. "अगं, मी काय पळून चाललोय? विचार की मला!" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आता ती विचारायला आली होती.

"पेटी तापली तरी ऊब लगेच बंद करायची नाही, जरा थांबायचं, असं इथे आहे. का, सर? नव्या पेट्यांसाठी आजच ठरवायचंय. चुकून काढलं तर बाळ गारठायचं, चुकून ठेवलं तर भाजायचं. तुम्हाला सांगता आलं, तर साहेब घरून काम द्यायला तयार आहेत."

"अहो, सांगा ना," दाराशी उभी असलेली बायको म्हणाली. "झोपेतसुद्धा हेच बरळायचात की!"

उस्ताद वाचत गेले. मग हसले.

"कुठल्या गाढवानं... लिहिलंय हे?"

बायको आत निघून गेली.

"तुम्हीच, सर," मुलगी हळूच म्हणाली.

ते पुन्हा पडद्याकडे वळले. सबंध प्रोग्राममध्ये माणसांसाठी लिहिलेलं एकच वाक्य होतं: 'हे काढू नका.' पुढे काही नाही.

"म्हणजे... काहीतरी झालं होतं," ते अडखळले. "काय झालं होतं गं?"

"मला कुठे माहीत, सर? तुम्ही सांगितलंच नाहीत कधी."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "नाही हो, त्यांना नाही आठवत," ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "बरं. सगळा प्रोग्राम नव्याने लिहू."

उस्तादांनी ऐकलं. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी त्या वाक्याखाली लिहिलं: 'कारण'. आणि बोट तसंच अधांतरी धरून बसले.

चहा आला, निवला.

शेवटी मुलीने लॅपटॉप अलगद आपल्याकडे ओढला. तो शब्द तिने खोडला नाही. होता तसा जतन केला आणि पडदा मिटला.