सात दिवसांचा नियम

विषाणूच्या खोलीत काम केलं की पुढचे सात दिवस गुरांजवळ जायचं नाही, हा आमच्या गुरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेचा पहिला नियम. आणि आमच्या घरी स्वयंपाकघराची नि गोठ्याची भिंत एकच. त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस मी प्रयोगशाळेच्या आवारातल्या एका खोलीत काढते आणि माझी अकरा महिन्यांची मुलगी सासूबाईंजवळ असते.

गेल्या महिन्यात फोन आला, पोरीला एकशे तीन ताप आहे. मी तेव्हा विषाणूच्या खोलीतून बाहेर पडत होते. अंघोळ केली, नखं घासली, कपडे बदलले. चष्मा पाच मिनिटं औषधाच्या पाण्यात बुडवायचा असतो. तो तसाच उचलून नाकावर ठेवला आणि बस गाठली. गोठ्यात मी पाऊलसुद्धा टाकलं नाही. मागच्या दाराशी बांधलेल्या वासरानं मान लांब करून माझं तोंड हुंगलं, एवढंच. त्याला ढकललं नि पोरीला उचललं.

पाचव्या दिवशी वासराच्या तोंडातून लाळेच्या तारा. मग गाई लंगडायला लागल्या. लाळ्या-खुरकूत. घराला सरकारी दोरी लागली. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. मी तेव्हा परत कामावर आले होते, म्हणजे बाहेरचीच.

"त्या घारूचं तळपट होवो," सासूबाई फोनवर म्हणाल्या. घारू म्हणजे गुरांचा दलाल. त्याच महिन्यात त्यानं आम्हाला एक गाय दिली होती. "तरी मी सांगत होते, त्याचं जनावर दारात नको. तुझ्या सासऱ्यांना गाय दिसली की त्यांचे पाय तिथून हलत नाहीत. उद्या सकाळी सरकारी माणसं त्याची चौदाही जनावरं मारणारेत म्हणे. बरी खोड मोडली!"

"त्याची जनावरं आजारी आहेत?"

"अजून नाहीत. पण रोग त्याच्याकडूनच आला ना?"

"आई, पोरीला ताप नाही ना?"

"हा रोग माणसांना होत नाही म्हणून तूच सांगितलंस. मग दिवसातनं दहादा काय विचारतेस गं?"

दुपारी संगणकावर विषाणूंची वंशावळ उघडली. तीन गोठ्यांचे नमुने होते. नावं नाहीत, फक्त कानातल्या बिल्ल्यांचे आकडे. त्यातला एक आकडा मला तोंडपाठ होता. दोन नमुने यंदा सगळीकडे फिरणाऱ्या विषाणूच्या फांदीवर नीट बसले होते. तिसरा, आमचा, दूर कोपऱ्यात, वीस वर्षांपासून आमच्या फ्रीझरमध्ये जपलेल्या वाणाला खेटून. जनुकाच्या सहाशे एकोणचाळीस अक्षरांत फरक एकाच अक्षराचा. वीस वर्षं रानोमाळ हिंडलेला विषाणू इतका बदलतो की ओळख लागत नाही. इतका जसाच्या तसा राहतो तो फक्त बर्फात.

आमचे विभागप्रमुख, सर, मागे येऊन उभे राहिले. "ही कोणाची गाय हो? चांगली शिकलेली दिसते, थेट आपल्याच कपाटातला विषाणू घेतला!" स्वतःच हसले. "टेबलावर काहीतरी सांडून नमुन्यात मिसळलं असणार. तो नमुना गाळा. चारला अहवाल जातोय."

"त्याच नमुन्याची दुसरी नळी सीलबंद आहे. करून बघू?"

"बघा. पण चार म्हणजे चार."

दुसरी नळी मी हातमोजे दोनदा बदलून उघडली. उत्तर यायला अडीच तास लागले. त्या अडीच तासांत मी देवाला एकच मागितलं, माझ्या हातून काहीतरी सांडलेलं असू दे. उत्तर तेच आलं. तेच एक अक्षर.

चारला दहा मिनिटं कमी होती. गाळलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. सर म्हणालेच होते. नोकरी राहिली असती, घर राहिलं असतं, आणि उद्या घारूची चौदा जनावरं मेली असती, वर सगळा गाव त्याला अजून दहा वर्षं शिव्या देत राहिला असता. मी नमुना तसाच ठेवला. खाली लिहिलं की हा गोठा माझ्या घरचा आहे, नियम मी मोडला, दलालाच्या जनावरांचा याच्याशी संबंध दिसत नाही. सरांनी वाचलं. मग म्हणाले, "तुमचं ओळखपत्र इथे ठेवा. आणि खोली... संध्याकाळपर्यंत रिकामी करावी लागेल."

"जाऊ कुठे सर? घरी दोरी आहे."

त्यांनी अहवाल पाठवला.

पिशवी मांडीवर घेऊन मी आवाराच्या फाटकाजवळच्या बाकावर बसले आणि घरी फोन लावला. सरकारी डॉक्टरकडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळायला हवं होतं.

"आई, रोग घारूकडून नाही आला. माझ्याकडून आला."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"सरांना. लेखी दिलंय."

"मग आता मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाही, सांगते आहे."

मागे माझी मुलगी कशावर तरी चमचा बडवत होती. मी म्हटलं, "आई, फोन तिच्याकडे द्या ना जरा." सासूबाईंनी फोन बंद केला नाही, आणि तिच्याकडे दिलाही नाही. मी तो कानाला तसाच लावून बसून राहिले.