दार मोजायचं राहिलं

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी वस्तादांना कळलं, की लेकीच्या कॉम्प्युटरचं ते कार्ड आत जाणार. कसं जाणार, कुठला कोपरा आधी, कुठला मागून, कुणी कुठे धरायचं, सगळं एका नजरेत कळलं. आणि कळल्याबरोबर त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

आता वस्तादांनी तोंड मिटणं ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. चौतीस वर्षं लोकांचं घरसामान हलवलेला माणूस. कपाटं, पलंग, लोखंडी तिजोऱ्या, एकदा तर पियानो, तोही चौथ्या मजल्यावर, तोही अशा जिन्यानं की ज्यातून पोटभर जेवलेला माणूस गेला नसता. एवढ्या वर्षांत एकही वस्तू दारातून परत नेली नाही, हे ते नव्या ओळखीत पहिल्या पाच मिनिटांत सांगत, आणि जुन्या ओळखीत दर आठवड्याला. दोन वर्षांपूर्वी कंबरेनं दगा दिला आणि काम सुटलं. बोलणं मात्र सुटलं नाही. रस्त्यात कुणी सोफा उतरवताना दिसलं की हे थांबलेच. "अहो, उभा करा तो, उभा! पाय काढा आधी!" मग बायकोनं दंडाला धरून ओढत पुढे न्यायचं, असा त्यांचा रोजचा संध्याकाळचा फेरफटका.

आणि आज स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीची वस्तू दारात अडकली होती, आणि वस्ताद खुर्चीत बसून छताकडे बघत होते.

लेक म्हणजे धाकटी. थोरली लग्न करून गेली, मधला नोकरीपायी गेला, आणि ही राहिली होती. समुद्राच्या तळाचे नकाशे बनवणाऱ्या एका जहाजावर तिची निवड झाली होती. आठ महिने. जहाजवाल्यांची अट एकच, पण नामी होती. आपापला कॉम्प्युटर आपण आणायचा. तो इतका ताकदीचा हवा की पाण्याखालून आलेले कोट्यवधी ठिपके जोडून डोंगरदऱ्या पडद्यावर फिरवून दाखवेल, आणि इतका लहान हवा की केबिनमधल्या खणात बसेल. खणाचं माप कागदावर लिहून आलं होतं. बुटांचं खोकं त्याहून थोडंसंच लहान असतं. आत बसणारं ग्राफिक्स कार्ड मात्र तीन पंख्यांचं, जाडजूड, फूटभर लांब. ज्यानं ही अट घातली त्याला जन्मात कधी घर बदलावं लागलं नसणार.

चालू मशीन घेऊन दुपारी तीनला धक्क्यावर हजर, नाहीतर यादीतला पुढचा माणूस चढेल, असंही त्या कागदावर होतं. घरातून एकला निघायलाच हवं होतं. पंधरा दिवसांपूर्वी येणारं कार्ड आलं होतं काल संध्याकाळी.

धाकटीनं मोजमाप केलं नव्हतं असं नाही. कॉम्प्युटरचं खोकं, म्हणजे कॅबिनेट, आतून तीनशे बावीस मिलिमीटर, कार्ड तीनशे वीस. दोन मिलिमीटर उरतात म्हणून पोरगी महिनाभर खूश होती. पण कॅबिनेटच्या तोंडाला चारी बाजूंनी पत्र्याची दुमडलेली कड होती आणि समोर एक आडवी पट्टी. कडेपासून पट्टीपर्यंत जागा तीनशे अकराच. आतली खोली मोजली आणि दार मोजायचं राहिलं! सामान हलवणाऱ्याच्या घरात जन्माला येऊन! हा तर धंद्यातला पहिला धडा. एरवी वस्ताद यावर तीन दिवस हसले असते आणि गल्लीभर सांगत सुटले असते.

पण आज हसू येईना. पोरीनं जग बघावं, जाऊ दे की, असं ते महिनाभर साऱ्या दुनियेला छाती फुगवून सांगत होते. आणि रात्री उशीत तोंड घालून विचार करत होते, की ही गेल्यावर बोलायचं कुणाशी? बायको ऐकत नाही. बायकोनं सगळं ऐकून संपवलंय.

कार्ड बसलं नाही, तर पोरगी जात नाही. इतकं सोपं होतं. काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

मदतीला भाचा आला होता. बहिणीचा मुलगा, वय बेचाळीस, डोक्याला टक्कल, कॉम्प्युटर दुरुस्तीचं स्वतःचं दुकान. आल्याआल्याच त्यानं बाह्या सरसावल्या.

"मामा, तुम्ही निवांत बसा. मी आहे ना."

तो होताच. साडेआठ वाजता त्यानं कार्ड सरळ घालून पाहिलं. नऊ वाजता तेच उलटं धरून घातलं. साडेनऊला तिरकं घालून पाहिलं, पण चुकीच्या बाजूनं तिरकं. इथे वस्तादांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला.

"काय झालं?" बायको म्हणाली. ती टेबलाच्या टोकाशी मटार सोलत होती.

"कुठे काय."

"दात दुखतोय का?"

"हो. दातच."

दहाला ते उठून न्हाणीघरात गेले आणि दाढी केली. साडेदहाला पुन्हा गेले आणि पुन्हा दाढी केली, कारण टेबलाशी बसलं की हात शिवशिवत. बाहेर येतात तो भाचा म्हणत होता, "कार्डाचे पंखेच काढून टाकले तर?"

"आणि मग ते तापेल त्याचं काय?" धाकटी म्हणाली.

"समुद्रावर वारा असतोच की."

"दादा, मी केबिनमध्ये बसणार आहे. डेकवर वाळत नाही घालणार कॉम्प्युटर."

वस्तादांनी ओठ चावला. चार स्क्रू! त्या पट्टीला सरळसरळ चार स्क्रू होते, डोळ्यांसमोर, सकाळपासून! मोठ्या शाळा शिकलेली दोन माणसं, आणि एकालाही दिसू नयेत? पण दिसणार कसे? ती दोघं वस्तूकडे बघत होती. दाराकडे कुणी बघतच नव्हतं. वस्तादांनी खुर्चीची कड अशी गच्च धरली, जणू सोडली तर तेच उडून टेबलावर पडतील.

अकरा पस्तीसला भाच्यानं पिशवीतून लोखंड कापायची करवत काढली.

"कड कापू या," तो म्हणाला. "लोखंडाचा बारीक चुरा उडेल, पण बघू."

"तो चुरा मदरबोर्डवर पडला तर?"

"म्हणूनच म्हटलं, बघू."

धाकटीनं त्याच्या हातातली करवत हळूच काढून बाजूला ठेवली. मग कार्ड उचललं, ते आलं होतं त्या चंदेरी पिशवीत परत सरकवलं आणि पिशवीचं तोंड दोन बोटांनी नीट दुमडलं. "राहू दे, दादा. साडेतीन तास झाले. मी त्यांना फोन करते. पुढच्या माणसाला तरी वेळेवर निघता येईल."

झालं. हेच तर हवं होतं. वस्तादांनी आनंद व्हायची वाट पाहिली.

धाकटीनं फोन हातात घेतला आणि नंबर लावायच्या आधी त्यांच्याकडे वळली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं; लहानपणापासून तिच्या रडण्यावर त्यांच्याकडे शंभर उपाय होते. ती ओशाळली होती.

"बाबा, चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमची मुलगी असून दार मोजायला विसरले."

"ठेव तो फोन!"

इतक्या जोरात ओरडले, की मटारचं ताट कलंडलं आणि दाणे घरभर पळाले. भाचा दचकून उभा राहिला. वस्ताद खुर्चीतून असे उठले की दोन वर्षांत ती कंबर तशी उठली नव्हती.

"ही पट्टी दिसते का? ही! ही काढ. चार स्क्रू आहेत, चार!"

"मामा, ती पट्टी हलवायची नसते. माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेखच नाही."

"स्क्रूनं लावलीय ना? मग काढायलाच लावलीय. कायमची ठेवायची असती तर वेल्डिंग मारलं असतं. काढ!"

भाच्यानं पट्टी काढली. वस्तादांनी हात एकमेकांवर चोळले. चौतीस वर्षांचा आवाज त्यांच्या छातीतून वर येऊ लागला आणि कुणाच्या बापाला तो थांबवता आला नसता.

"आता विजेची वायर कार्डाला आधी लाव. आत गेल्यावर बोट कुठून घालणार आहेस? दोर आधी बांधायचा, मग उचलायचं. हं! तू मागची बाजू धर. मुली, तू शेपटाकडे ये. अगं, तू काय बघतेस, कॅबिनेट धर!"

"माझ्या हाताला मटार लागलेत," बायको म्हणाली.

"धर!"

तिनं धरलं. दोन किलोच्या वस्तूला आता सहा हात लागले होते.

"मामा, हे एकटा माणूस एका हातानं उचलतो," भाचा म्हणाला.

"सकाळपासून तेच तर करत होतास. चला! आधी तोंड खाली. आणखी खाली. ती पुढची जीभ मागच्या कडेखाली जाऊ दे. दाबू नकोस, जाऊ दे म्हटलं, तिला कळतं. थांबा! सगळ्यांनी श्वास सोडा. आता शेपूट आत. मुली, तुझ्याकडून. हळू... वळव... वळव... माझ्या राणी, वळव..."

हे शेवटचं कार्डाला की लेकीला, कुणाला कळलं नाही. कार्ड वळलं. कडेला निसटता स्पर्श करून, पट्टी होती त्या मोकळ्या जागेतून शेपूट फिरवून, आडवं झालं आणि खाली उतरलं. धाकटीनं दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. टक्.

मग चौघंही एकदम ओरडले. भाच्यानं टक्कल दोन्ही हातांनी धरून मटारांवरून एक गिरकी घेतली, घसरला, टेबलाला धरून सावरला आणि पुन्हा नाचू लागला. पट्टी जागेवर बसली. झाकण लावताना वायरीचा फुगवटा आडवा आला, तेव्हा बायकोनं एक शब्द न बोलता हिरव्या अंगठ्यानं वायर चप्प दाबली आणि झाकण सरकवून दिलं. संसारात शेवटचं झाकण नेहमी तीच लावत आली होती.

बटण दाबलं. दिवा लागला. कार्डाचे पंखे मात्र ढिम्म.

वस्तादांचा चेहरा उतरला. "मोडलं का?"

"गार असताना नाही फिरत ते, मामा. थोडं काम पडू द्या."

धाकटीनं काम दिलं. पडदा काळा झाला, मग निळा, आणि त्यातून एक अख्खा डोंगर वर आला. माथ्यावर पाणी घेऊन बसलेला, कुणीही न पाहिलेला डोंगर. तिनं बोट हलवलं तसा तो फिरला, त्याच्या पलीकडची दरी दिसली, दरीत आणखी एक टेकडी. पंखे हळूच गुणगुणू लागले. वस्ताद तोंड उघडं टाकून बघत राहिले. एवढं मोठं सामान, आणि ते त्या खोक्यात!

"बाबा," धाकटी हसत हसत म्हणाली, तिच्या गालावर घाम आणि धूळ होती, "काय डोकं आहे तुमचं! कधी सुचलं हो?"

'आत्ताच' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. पण खोटं बोलायची सवय नव्हती. तेवढी उसंतच त्यांच्या जिभेनं कधी दिली नव्हती.

"आठ दहाला," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"सकाळी. आठ वाजून दहा मिनिटांनी."

भाचा नाचता नाचता थांबला. "मामा, मी पंखे काढत होतो. मी करवत काढली होती!"

"तरीच दोनदा दाढी," बायको म्हणाली आणि मटार वेचायला खाली वाकली, त्यामुळे तिचा चेहरा कुणाला दिसला नाही.

धाकटीला मात्र हसू फुटलं. "तुम्ही? तुम्ही साडेतीन तास गप्प बसलात? दुसऱ्याच्या सोफ्यासाठी भर रस्त्यात गाड्या थांबवता तुम्ही!" ती पोट धरून हसली, टेबलावर डोकं टेकून हसली, भाचाही हसू लागला, आणि मग हसता हसताच तिचे डोळे भरून आले. ती उठली आणि तिनं वस्तादांना गच्च मिठी मारली.

"इतकं नको होतं का मी जायला?"

"नको होतं," वस्ताद तिच्या केसांत म्हणाले. "आत्ताही नकोय. आणि तू गेली नसतीस, तर मी स्वतःला जन्मात माफ केलं नसतं. दोन्ही खरं आहे, पोरी. दोन्ही एकाच वेळी. एवढ्याशा पोटात."

तिनं मान मागे घेऊन त्यांच्याकडे पाहिलं. नाक लाल झालं होतं तिचं.

"मग? बसतंय का दोन्ही?"

वस्तादांनी एक लांब श्वास घेतला. त्यांना उत्तर नीट द्यायचं होतं.

"बसतंय," ते म्हणाले. "घासतंय थोडं. पण बसतंय."