आबाजीनचा शोध

वाबळे सरांना सही करायची भारी हौस. बारामतीच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्राचे विभागप्रमुख झाल्यावर तर त्यांनी नियमच काढला. पोरं प्लेटा बदलून कॉपी करतात, सबब सरांच्या सहीशिवाय टीएलसीची, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करायच्या चाचणीची, एकही प्लेट बरणीत जाणार नाही.

काम तसं सोपं. पांढऱ्या प्लेटीच्या तळाशी पेन्सिलीची रेघ, रेघेवर अर्काचा ठिपका, आणि प्लेट बरणीतल्या द्रावकात उभी करायची. द्रावक वर चढतो, अर्कातले घटक आपापल्या उंचीवर थांबतात. सर सही करायचे ती बॉलपेननं, आणि बरोबर रेघेवर. आता बोला!

निरवांगीच्या समिनानं डाळिंबाच्या सालीचा अर्क लावला, तर वर एक निळा अन् एक जांभळा ठिपका उमटला. सर हरखले. डाळिंबात आजवर कुणालाच न सापडलेला पदार्थ! वडिलांच्या नावावरून त्यांनी 'आबाजीन' असं त्याचं बारसंही उरकलं. सत्काराचा फ्लेक्स लागला, सरांच्या फोटोखाली समिनाचं नाव आलं. तिच्या आईनं, ताजबीनं, गावभर सांगितलं.

सत्काराच्या आदल्या दिवशी समिनाला शंका आली. अर्क न लावता तिनं नुसती सही केलेली प्लेट बरणीत ठेवली. तेच निळं, तेच जांभळं. बिनसहीच्या प्लेटीवर अर्क लावला, तर त्या रंगांचा मागमूस नाही. बोलावं तर वर्षभराचा प्रोजेक्ट पाण्यात, गप्प बसावं तर आपल्या नावानं खोटं खपणार. ते काही तिला गिळवेना. दोन्ही प्लेटा घेऊन तिनं सरांना गाठलं.

"ही बिनसहीची हाय. नियमात बसत न्हाय," सर म्हणाले.

"पण सर, सहीच्या प्लेटीवर अर्कच न्हाय. हे रंग तुमच्या शाईचे हायत."

सरांनी चष्मा पुसला. "अर्काबिगर आबाजीन मिळालं?"

"व्हय सर."

"म्हंजे ह्यात तुझं काईच न्हाय की गं. शोध माझ्या एकट्याचा झाला."

सकाळी फ्लेक्सवरच्या तिच्या नावावर कागद चिकटला होता. प्रोजेक्टवर शेरा पडला, पुन्हा पहिल्यापासून करावा. सरांच्या खांद्यावर शाल पडली. मागच्या रांगेत ताजबी समिनाशेजारी इस्त्रीच्या साडीत ताठ बसली होती.

"तुझं नाव कवा घेणार?"

"न्हाय घेणार, अम्मी. मी सरांची चूक दाखवली. आता समदं पुन्हा करायचंय, अन् त्येंच्या सहीनंच प्रयोग बिघडतो." समिनाला रडू फुटलं.

ताजबीच्या टाळ्या थांबल्या. स्टेजवर सर माईक धरून वडिलांच्या बालपणापासून सुरू झाले होते.

"मग रडतीस कशाला? ऊठ. त्ये हितं अडकल्यात तवर तिकडं लॅबात बिनसहीचं काम उरकून घे."