डाग जातो कुठे?

माणसाची मिळकत विचारायची इस्त्रीमास्तरांना कधी गरज पडली नाही. कॉलर उलटी करून पाहिली की त्यांना सगळं कळे. त्यांच्या लॉन्ड्रीत वकिलांचे कोट येत, डॉक्टरांचे येत आणि कंपन्यांचे हिशेब तपासणाऱ्या साहेबांचे तर सतत नवेच येत. अस्तर अस्सल, बटणं शाबूत. त्यामुळे बारावी झालेल्या आपल्या लेकीने पुढे काय करावं, हे त्यांनी मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं. तिने हिशेब तपासावेत.

लेक मात्र रसायनशास्त्रावर अडून बसली होती.

"त्यात पुढे काय आहे?" मास्तर विचारत.

"पुष्कळ आहे, बाबा."

"पुष्कळ म्हणजे किती? पगाराचं बोल."

पगाराचं आलं की ती पुस्तकात डोकं घाली. आणि रसायनाच्या कॉलेजची जास्तीची फी भरायची तर दुकानात नवं यंत्र येणार नव्हतं. जुनं यंत्र कपडे धुताना असं कण्हायचं की एका गिऱ्हाइकाने घाबरून विचारलं होतं, "आत कोणी अडकलंय का?"

खरं तर हे खूळ मास्तरांनीच तिच्या डोक्यात घातलं होतं. लहानपणी ती काउंटरवर पाय हलवत बसे. मास्तर शाईच्या डागावर बाटलीतले दोन थेंब टाकत, डाग विरून जाई, की हिचं सुरू. "गेला कुठे?" एकदा वैतागून ते म्हणाले, "तुझ्या मामाकडे." पुढच्या सुट्टीत पोरीने मामाचं कपाट उघडून पाहिलं होतं.

तर ऐन प्रवेशाच्या दिवसांत दुकानात एक पांढरा कोट आला. रंगांच्या कारखान्यात केमिस्ट असलेल्या एका बाईंचा. मास्तरांनी तो उलगडून काउंटरवर पसरला. बाह्या पिवळ्या, खिशाजवळ नुसती चाळणी. त्यांनी बायकोला हाक मारली.

"बघ गं, ही त्या रसायनशास्त्राची कमाई. बिचारीकडे धड कोट नाही."

त्यांनी जीव ओतून तो कोट साफ केला. एकेका भोकाला असं रफू केलं की बोट फिरवूनही कळू नये. मग लेकीला समोर बसवून सांगितलं, "रसायन बंद. उद्या हिशेबाच्या कॉलेजात नाव घालायचं." लेक कोपऱ्यात जाऊन चादरींच्या घड्या घालत राहिली. भांडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

सकाळी त्या बाई कोट न्यायला आल्या.

"पैसे राहू द्या, बाई," मास्तर हळूच म्हणाले. "तुमची परिस्थिती दिसतेच आहे."

"माझी परिस्थिती?" बाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा हसता हसता त्यांना काउंटर धरावा लागला. "अहो, हा माझा कॉलेजातला कोट आहे, आठवण म्हणून जपलेला. नवे चार पडलेत घरी!" मग त्यांनी कोट उलटापालटा केला आणि त्यांचं हसू ओसरलं. "भोकं कुठे गेली?"

"बुजवली की."

"खिशाजवळचं माझ्या मैत्रिणीमुळे पडलं होतं. ऐन प्रयोगात तिने मला हसवलं आणि ॲसिड सांडलं."

भोक गेलं म्हणून हळहळणारं गिऱ्हाईक मास्तर पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी कान पकडले. मग लेकीची सगळी हकिगत सांगून टाकली आणि सरळच विचारलं, "मिळकत कशी असते?"

"खरं सांगू? सुरुवातीला बेताची. नुसत्या डिग्रीवर मी बाटल्या धुतल्या आहेत. पुढे शिकलं, नेटाने टिकलं, की बरं चालतं. पण हिशेब तपासणारे आमच्या पुढेच राहणार."

"मग परत संधी मिळाली, तर तुम्ही काय घ्याल?"

बाई रफूवरून अंगठा फिरवत राहिल्या. "काल कारखान्यात एक निळा रंग दुधासारखा फाटला. का फाटला, तेच कळत नाहीये. कधी एकदा तिथे पोचते असं झालंय मला."

हा चेहरा मास्तरांच्या ओळखीचा होता. काउंटरवर पाय हलवत "गेला कुठे?" विचारणाऱ्या पोरीचा.

त्यांनी तिथूनच घरात हाक मारली. "ए बाळा, चप्पल घाल. फी भरायला जायचंय. तुझ्याच कॉलेजात." लेक धावत आली आणि बाईंच्या देखत त्यांच्या गळ्यात पडली. मास्तर लाजून म्हणाले, "पुरे, पुरे, कपडे चुरगळतात."

कॉलेज सुरू होऊन महिना झाला. यंत्र कण्हतच होतं. एका संध्याकाळी लेक कोटाला पहिला डाग पाडून आली. मास्तरांचा हात सवयीने बाटलीकडे गेला. दोन थेंब टाकले, डाग विरला आणि त्यांना राहवेना.

"आता तरी सांग. गेला कुठे?"

"ते तिसऱ्या वर्षाला आहे, बाबा," ती म्हणाली. "पण मामाकडे जात नाही, एवढं पक्कं झालंय."

"मग शीक सावकाश," मास्तर म्हणाले. "मी थांबतो."