गेणभाऊंची गाडी ढकलणारा

राजरत्न पेंटरचं दुकान नारायणगावच्या स्टँडमागं. पोट चालायचं ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटांवर. जीव मात्र जुन्या मोटारींच्या गमतीदार चित्रांत. १९९८ साली त्यातल्या एका चित्राच्या शंभर प्रिंट त्याने पुण्यात छापून घेतल्या. रविवारी तिथल्याच प्रदर्शनात त्या विकायला ठेवायच्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला चित्रकार म्हणून बोलावलं होतं.

घोळ एवढाच, की चित्रातली मोटार त्याच्याच गावच्या, येडगावच्या गेणभाऊंची होती; गावातल्या लग्नांना अन् अडल्यानडल्याला तीच धावायची. काळी, फुगीर बॉनेटची. टपावर बोकड, खिडकीतून बाहेर आलेली नवरीची ट्रंक आणि मागून गाडी ढकलणारा, फेटा बांधलेला नवरदेव. गाडीची चेष्टा करणाऱ्याच्या घरच्या लग्नालाही गेणभाऊ जात नसत. त्यांना विचारायचं धाडस राजरत्नला काही झालं नव्हतं. वर शहाणपणा असा, की एक प्रिंट त्याने हौसेने स्टँडवरच्या चहावाल्याला देऊन टाकली.

शुक्रवारी तीच प्रिंट हातात घेऊन गेणभाऊ दुकानात हजर! राजरत्न ब्रश टाकून उठला.

"ही माझीच गाडी न्हवं?"

"व्हय, भाऊ. चुकलो. तुमी म्हणाल तर समद्या जाळून टाकतो."

"जाळतोस कशाला? चित्र झ्याक हाय. पर ढकलणारा चुकलाय."

राजरत्नने चित्रातल्या नवरदेवावर बोट ठेवलं. गेणभाऊंनी मान हलवली.

"लग्नात ढकलायला धा जण धावायचे, त्यात काय मोठं? तुझ्या येळंला तुझी आई मागच्या सीटवर कळा सोसत व्हती, अन् गाडी चढ सरताच बंद पडली. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. तुझ्या बापानं, खंडूनं, एकट्यानं ढकलली राव. पायात चप्पल न्हाई. दवाखान्यात पोचलो तवा तळपाय सोलले व्हते."

"आबा कधी बोललं न्हाईत."

"तो कशाला बोलंल? वर मलाच म्हणला, भाऊ, तुमच्या गाडीमुळं पोरगं वाचलं."

खंडूला जाऊन दोन वर्षं झाली होती. राजरत्नला गेणभाऊंसमोरच रडू कोसळलं.

शनिवारी त्याने दुकान उघडलंच नाही. उरलेल्या नव्व्याण्णव प्रिंटांवर, नवरदेवाच्या शेजारी, त्याने हाताने एकेक माणूस रंगवला. अंगात बंडी, पाठ वाकलेली, पाय अनवाणी.

प्रदर्शनात लोक बोकडाला हसले, नवरदेवाला हसले. एक बाई मात्र वाकून बघत म्हणाल्या, "हा अनवाणी कोण?"

"माझे वडील," राजरत्न म्हणाला. "गाडी त्यांनीच पोचवली."