दोनधारीच्या बेटावर जाणारी निळी बस

मित्रांनो, मी एक जुनी निळी बस आहे. कारध्याला वैनगंगेच्या काठावर तुलारामभाऊंचे घर आहे, त्याच्या मागे मी उभी असते. माझी मागची चाके काढून नेली आहेत आणि त्या जागी दगड लावले आहेत. तुम्ही शाळेतून येताना माझ्या धुळकट काचांवर बोटाने नावे लिहिता, ते मला आवडते. म्हणून आज माझी हकिकत तुम्हाला सांगावीशी वाटली.

ज्या वर्षी भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले, त्याच वर्षी नागपूरच्या एका कारखान्यात माझ्या सांगाड्यावर पत्रे चढले. पहिली दहा वर्षे मी चिखल्याला काढली. खाणकामगारांना वसाहतीतून खाणीवर न्यायचे आणि पाळी संपली की परत आणायचे, हे माझे काम. मँगनीजची काळी धूळ माझ्या सीटांच्या शिवणीत जी बसली, ती कितीही धुतले तरी पुरती निघाली नाही.

पुढे ठेकेदाराने नवी गाडी घेतली आणि मला विकायला काढले. तेव्हा माझे चालक तुलारामभाऊ यांनीच मला घेतले. त्यांच्या पत्नी रुखमाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "या डबड्याचं काय करता जी?"

भाऊ म्हणाले, "दहा वर्षांत हिनं मले एक दिवस रस्त्यात सोडलं नाही. मी हिले कसा सोडू?"

पण मला चालवायचे कुठे, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ते सुचवले सरिताने. सरिता मोहाडीची, भाऊंच्या ओळखीतली. इतिहासात एम. ए. झाली होती आणि नोकरीसाठी अर्ज करून थकली होती. तिचे आजोळ दोनधारी. वैनगंगा एका ठिकाणी दोन धारांत फुटते आणि थोडे पुढे जाऊन पुन्हा एक होते. मधल्या बेटावरचे गाव ते दोनधारी. पावसाळ्यात तिथे नावेने जावे लागे. पाणी उतरले की रपटा, म्हणजे पात्रातला ठेंगणा पूल, उघडा पडे आणि गाडी जाऊ शके.

"काका, लोक नागपूरहून वाघ पाहाले जातात," ती म्हणाली. "आपण त्यांना माझं आजोळ दाखवू."

"तिथं काय हाय पाहाले?"

"चला तर. पहिले तुम्हालाच दाखवते."

अशी माझी सहल सुरू झाली. सकाळी बेटाच्या वरच्या टोकाला मोह आणि सागाचे रान, तिथे पाणमांजरे दगडांवर अंग वाळवत बसलेली. धानाच्या बांधीत सारसाची एक जोडी. मग गावाजवळचे विटांचे टेकाड. ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या स्तूपाचे आहे, असे सरिताला वाटे. गावातली बौद्ध मंडळी दर पौर्णिमेला तिथे मेणबत्त्या लावत. दुपारी गावातल्या पंचफुलाबाईंच्या अंगणात पळसाच्या पत्रावळीवर नव्या तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचे वडे, अंबाडीची भाजी, नदीतले झिंगे आणि उकडलेले शिंगाडे. पंचफुलाबाई वाढताना कोणाचेही "पुरे" ऐकत नसत.

उतरण्याआधी सरिता सगळ्यांना सांगे, "पोटात जेवढं मावेल तेवढं न्या. बाकी सगळं इथंच राहू द्या." लोक हसत. तिसऱ्या वर्षापर्यंत तिला त्याहून जास्त काही बोलावे लागले नाही.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात नागपूरच्या निवृत्त शिक्षकांची सहल आली. त्यांच्यात पुंडलिकराव सर होते. सरिताला कॉलेजात इतिहास त्यांनीच शिकवला होता. त्यांना पाहून ती इतकी आनंदली, की माइक हातात धरून पहिली दहा मिनिटे ती अडखळतच बोलली. सर समोरच तिसऱ्या सीटवर बसून ऐकत होते, मान डोलावत होते.

टेकाडावर तिने त्यांना एक वीट दाखवली. कोणे एके काळी ती वीट ओली असताना एका लहान मुलाने तिच्यावर हात टेकला असावा. त्याचा पंजा तसाच भाजला गेला होता, पाचही बोटे स्पष्ट. दोनधारीची पोरे त्यात आपला हात ठेवून बघत. सर बराच वेळ ओणवे होऊन ती वीट न्याहाळत राहिले.

जेवायला जाण्यासाठी सगळे टेकाडावरून खाली आले, तेव्हा सर एकटेच मागे राहिले. थोड्या वेळाने ते माझ्यात चढले आणि तिसऱ्या सीटखाली त्यांनी एक पिशवी सरकवली. आत शालीत गुंडाळलेले काहीतरी जड होते. मित्रांनो, ते काय होते हे मला कळले. पण मला हॉर्न आहे, जीभ नाही. आणि हॉर्न वाजवायलाही माणूस लागतो.

जेवणे आटोपत होती, तेवढ्यात पोलीस पाटील केवळराम सायकलवरून आले. "वरच्या धरणातून पाणी सोडलं हाय. तासाभरात रपटा बुडन. निंगा लवकर!"

सगळे धावत येऊन बसले. भाऊंनी मला सुरू केले. आम्ही टेकाडापाशी पोहोचलो, तर पंचफुलाबाई अनवाणी रस्त्याच्या मधोमध उभ्या. वाढून झाल्यावर झाडायला म्हणून त्या टेकाडावर आल्या होत्या.

"सरिता, पंजाची वीट जाग्यावर नाही वं!"

सरिताने मागे वळून विचारले.  मग एक गृहस्थ चिडून म्हणाले, "एका विटेसाठी आम्ही बुडायचं का?"

"बेट बुडत नाही जी, रपटा बुडते," तुलारामभाऊ म्हणाले. त्यांनी मला बंद केले आणि किल्ली खिशात टाकली.

सरिताने आधी स्वतःची पर्स उघडून दाखवली. मग भाऊंची डब्याची पिशवी. मग ती एकेका सीटपाशी गेली. समोरची तिसरी सीट तिने शेवटी ठेवली.

"सर, तुमचीही पिशवी."

"सरिता, मी तुझा शिक्षक आहे."

"हो सर. म्हणूनच तुमच्यापाशी यायला एवढा वेळ लागला."

 सरांनी पिशवी मांडीवर घेतली. ते हळू आवाजात म्हणाले, "इथं ऊनपावसात झिजून जाईल गं ती. मी कपाटात नीट ठेवली असती."

"तुम्ही मागितली असती, तर मी नाही म्हटलं असतं सर. तुम्हाला ते माहीत होतं."

सर उठले. वीट दोन्ही हातांत धरून माझ्या पायऱ्या उतरले. पंचफुलाबाई त्यांच्या बरोबर टेकाडावर गेल्या. ती ठेवून ते परत येईपर्यंत रपट्यावरून पाणी वाहू लागले होते.

दोन दिवस आम्ही बेटावर अडकलो. गावाने पाहुणे दोन-दोन करून वाटून घेतले. चिडलेले गृहस्थ दुसऱ्या सकाळी केवळरामबरोबर जाळे ओढताना दिसले. पुंडलिकराव सर पंचफुलाबाईंकडे राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी जेवतानाही मान वर केली नाही. बाई त्यांना चहा देत म्हणाल्या, "त्या पोरानं पंजा ठेवला, तवा त्याची माय ओरडली असन, ओली वीट काहून खराब केली म्हणून. नाही जी?"

सर हसले. मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

नंतर ते आणि सरिता वही-पट्टी घेऊन पाणी उतरेपर्यंत टेकाड मोजत राहिले. पुरातत्त्व खात्याला पत्र लिहिले. सरांनी सही करताना सरिताचे नाव वर घातले, आपले खाली. चार वर्षांनी टेकाडावर पत्र्याचे छप्पर आणि भोवती कुंपण झाले.

त्या प्रवाशांपैकी काहींनी तक्रार केली. ज्या संस्थेने त्यांना पाठवले होते, तिने पुन्हा कोणाला पाठवले नाही. त्या हिवाळ्यात मी बरेच दिवस रिकामी उभी राहिले. पण काही जण आपापल्या लेकरांना घेऊन परत आले, आणि सहल चालू राहिली.

आता माझे इंजिन दमले आहे. सरिता नव्या गाडीतून लोकांना नेते. ती माझ्यासमोरून जाते, तेव्हा तिचा माइकवरचा आवाज मला ऐकू येतो. आता ती अडखळत नाही. सोमवारी भंगारवाला येणार आहे. मला वाईट वाटत नाही, असे मी म्हणणार नाही. मी खूप माणसे वाहिली, आणि ती सुखरूप पोहोचली, एवढे मला पुरते.

मित्रांनो, तुम्ही कधी दोनधारीला गेलात, तर त्या विटेवरच्या पंजात आपला हात जरूर ठेवून बघा. थोडा वेळ तसाच राहू द्या. आणि मग तो रिकामाच परत घेऊन या.