डब्याचं काम झालंच

मी एक जुना डबा आहे. जेवणाचा नव्हे आणि आगगाडीचाही नव्हे. मोटारीच्या मागे जोडून ओढत नेतात ते चाकांवरचे घर असते ना, तो मी. मला इंजीन नाही. कुणी ओढले तर मी जातो, नाही ओढले तर उभा राहतो. माझ्या आयुष्यात उभे राहणेच जास्त झाले.

मित्रांनो, ‘जुना’ म्हणालो खरा, पण माझ्यातले जुने किती उरले आहे हे मलाच नीट सांगता येत नाही. छत नवे आहे. फरशी नवी आहे. मागची भिंत, पलंग, दिवे, दारातली पायरी, सगळे नवे. जुने म्हणजे खालची लोखंडी चौकट, पुढचा आकडा आणि उजव्या बाजूची एक खिडकी. म्हणून पुढे जे सांगेन त्यातले काही चौकटीला आठवते, काही खिडकीला. जे भाग काढून टाकले त्यांच्या आठवणीही त्यांच्याबरोबर गेल्या. तिथे मी फक्त जागा सोडीन.

चौकटीला आठवते ते

एका लांबलचक शेडमध्ये मी जन्मलो. आधी लोखंड जोडले, त्यावर लाकडाच्या बरगड्या उभ्या केल्या आणि बरगड्यांवर पत्रा चढवला. पत्र्याला पत्रा भेटतो त्या सांध्यात लांबीचा मऊ लगदा भरून वरून पट्टी ठोकली. पाणी आत येऊ नये म्हणून. ही लांबी पुढे वाळते, तडकते. पण त्या दिवशी मी चकाचक होतो आणि मला वाटे, मी कायमचाच असा.

मला विकत घेणारा माणूस चष्म्याच्या दुकानात काम करी. काचा घासून फ्रेममध्ये बसवणे हे त्याचे काम. त्याची बायको रुग्णालयात नर्स होती. त्यांना एक लहान मुलगी होती.

“फिरतं घर आहे हे,” तो माझ्याकडे कौतुकाने पाहत म्हणाला.

“डबा आहे हो, डबा,” ती म्हणाली. “पण गोड आहे.”

तेव्हापासून माझे नाव डबा.

खिडकीला आठवते ते

डोंगर, धरणाचे पाणी, पुन्हा डोंगर, ओले टॉवेल, काचेवर नाक दाबून बसलेली मुलगी, वाफेने पुसट झालेली काच आणि त्यावर बोटाने काढलेला हत्ती, पेट्रोलपंपावरची भांडणे, “नकाशा उलटा धरलाय तुम्ही”, हसणे, आणि खाडी. खाडी सगळ्यांत जास्त. समुद्र जमिनीत शिरतो तिथे एक मोकळे मैदान होते. ओहोटीला पाणी इतके लांब जाई की परत येईल असे वाटतच नसे. मग येई. माझ्या दारात पाय खाली सोडून मुलीची आई ते बघत बसे. रुग्णालयात दिवसभर उभी राहणारी बाई इथे मात्र जागची हलत नसे.

मी परिपूर्ण नव्हतो. मागच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून पहिल्यापासून गळत असे. पाऊस आला की माझा मालक अस्वस्थ होई. उठून टॉर्च मारून बघे. ती त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवी.

“गळू द्या की! आपण काय साखरेचे आहोत विरघळायला?”

मग ती गळतीखाली पातेले ठेवी, आणि सहल पुढे चालू राही.

(इथे जुनी फरशी बोलली असती. तिला तिघांची पावले वेगवेगळी ओळखता येत. ती काय काय सांगायची ते आता माझ्यापाशी नाही.)

कुणालाच आठवत नाही ते

मुलगी मोठी झाली आणि नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. मला घरामागच्या आवारात उभे केले. वर ताडपत्री टाकली. ताडपत्रीवर पाने साचली, पाने कुजली. उंदरांनी एका गादीत संसार थाटला. सांध्यातली लांबी सुकत गेली आणि पाणी आत येत राहिले. पातेले ठेवायला कुणी नव्हते, म्हणून ते लाकडात मुरले. या काळाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. दुर्लक्ष असेच असते, मित्रांनो. त्यात काही घडत नाही.

मग ताडपत्री निघाली

मुलीची आई समोर उभी होती. बारीक झाली होती. ती अजूनही रोज रुग्णालयात जात होती, पण आता रुग्ण म्हणून.

“डबा काढा बाहेर,” ती त्याला म्हणाली. “खाडीवर जाऊन येऊ.”

“आता? झेपेल तुला?”

“आता झेपेल. नंतरचं विचारू नका. मी इतकी वर्षं दुसऱ्यांचं बघितलंय. मला कळतं.”

त्याने माझ्या पत्र्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, “जाऊ. तेवढी ती गळती काढतो. या तब्येतीत तुझ्या अंगावर पाणी नको. किरकोळ काम आहे, आजउद्या होईल.”

त्याने कोपऱ्यातली पट्टी काढली. आतल्या लाकडात पेचकस टोचून पाहिला. चहात बुडवलेल्या बिस्किटात शिरावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला. त्याचा चेहरा उतरला. मला लाज वाटली. मी वरून इतका धड दिसत होतो.

कुजलेले लाकूड तिथेच थांबत नाही. एक बरगडी काढली की शेजारची मऊ निघते. तो काढत गेला. छत उतरले, मागची भिंत उतरली. आवारात माझे तुकडे पसरले. खुर्ची टाकून ती त्यांच्यात बसे आणि विचारी, “झालं का हो?”

“झालंच!” तो आतून ओरडे.

मित्रांनो, ‘झालं’ आणि ‘झालंच’ यांत एका अक्षराचाच फरक आहे. झालं म्हणजे काम संपले. झालंच म्हणजे संपलेले नाही, पण विचारू नका.

सुटीला आलेली मुलगी हे ऐकून हसत सुटली. “आई, बाबांचा तो ‘च’ कधी पडणार गं? दुधाचा दात असता तर एव्हाना पडला असता.”

“पडेल,” ती म्हणाली. “माझे पडायच्या आत पडला म्हणजे मिळवली.”

ती जाईल म्हणून

छत झाले. भिंत झाली. खरे तर तेव्हा निघता आले असते. पण तिला खाली वाकून बसता येत नव्हते, म्हणून त्याने जुना पलंग काढून उंच पलंग बसवला. त्याला एक दांडा लावला, दांडा ओढला की डोक्याकडची बाजू वर येई. पलंग एका बाजूने बोटभर खाली होता. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. पण त्याचा जन्म काचा बसवण्यात गेला होता, तिथे केसाएवढे वाकडे चालत नाही. त्याने पलंग उखडून पुन्हा बसवला. मग दारात रुंद पायरी आणि धरायला कठडा. मग ऊन पिऊन वीज देणारा पत्रा छतावर, आणि त्या विजेवर चालणारा पंखा, मऊ दिवा. मग आतच एक लहानसे न्हाणीघर, सगळ्यात मागे.

(इथे जुना पलंग बोलला असता. त्याच्या फळीला मधोमध एक खोलगा पडला होता, तिच्या झोपण्याने. मला एवढेच माहीत आहे की तो होता.)

शेजारी एक वेल्डर राहत असे. सगळे त्याला ठिणगी म्हणत. पायरी त्यानेच जोडून दिली. काम झाल्यावर त्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली.

“काका, मागे सगळं जड करून ठेवलंत. रस्त्यावर हा शेपूट हलवेल. कुत्रं पाहिलंय ना आनंदात? तसं. फक्त मोटारीसकट.”

म्हणून मागे ठेवलेल्या, वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या पुढे आणल्या. त्यासाठी नवी फरशी पुन्हा उघडावी लागली.

कठडा धरून ती एकदा आत आली. सगळीकडे भुसा होता. गादी नसलेल्या पलंगावर ती तशीच आडवी झाली आणि वर नव्या छताकडे पाहत राहिली.

“छान केलंय,” ती म्हणाली. “निघू या ना. आज. असंच.”

“असंच कसं? खिडकीची लांबी ओली आहे अजून. वाळू दे.”

“ती वाळेल हो. माझं काय?”

तो खाली बसून खिळे गोळा करू लागला. कितीतरी वेळ गोळा करत राहिला. तिथे तितके खिळे नव्हते.

त्याचा हात माझ्या रिकाम्या फरशीवर खिळे शोधतच राहिला, म्हणून मला कळले. काम संपले की जायचे, असे त्या दोघांचे ठरले होते. तिच्या लेखी जायचे म्हणजे खाडीवर. त्याला मात्र त्या शब्दात दुसरे काही ऐकू येत होते. जोवर माझ्यात एक स्क्रू सैल होता, तोवर कुणालाच कुठे जायचे नव्हते.

तिलाही कळले असावे. तिने त्याच्या केसांतला भुसा झटकला. “बरं,” म्हणाली. “वाळू दे.”

झालं

एका सकाळी तो घरात गेला आणि दारातूनच म्हणाला, “झालं.”

ती त्याच्याकडे वळली. “च?”

“नाही. झालं.”

मुलगी आली होती. तिने चादरी घातल्या, पाणी भरले. आईला दोघांनी धरून आत आणले, पलंगावर टेकवले. त्याने दांडा ओढला. खिडकी बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आली. ती हसली. मोटार मागे घेऊन माझ्या आकड्याला जोडली. इतक्या वर्षांनी मला तो ओळखीचा हिसका बसला, आणि मित्रांनो, लोखंडालाही आनंद होतो, एवढे मी खात्रीने सांगतो.

ठिणगी निरोप द्यायला आला होता. सवयीने खाली वाकला, आणि सरळ झालाच नाही.

“काका, टायर कधी बदललेत?”

माझा मालकही खाली वाकून बघू लागला.

“भेगा बघा ह्या. बोट जातंय आत. उभ्याउभ्या वाळून गेलेत. हमरस्त्यावर फुटला तर डबा पलटी होईल. आत माणूस आहे.”

चाकांच्या वर असलेले जवळजवळ सगळे माझ्या मालकाने बदलले होते. तिच्या पाठीला, तिच्या गुडघ्यांना, तिच्या झोपेला काय लागेल ते सगळे त्याला सुचले. जे तिला लागणार नव्हते, फक्त रस्त्याला लागणार होते, ते सुचलेच नाही.

“हळू नेली तर?” त्याने विचारले.

“मी नाही नेऊ देणार,” ठिणगी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, तरी तो माझ्या आकड्यासमोरून हलला नाही. माझ्या मापाचे टायर दुकानात नव्हते. ते मागवावे लागणार होते.

आतून तिचा आवाज आला. “काय झालं हो?”

मुलीने सांगितले. आईने पाठ उशीला टेकवली. मग म्हणाली, “उभं राहून राहून पाय गेले बिचाऱ्याचे. ड्युटी कुणाला चुकलीय!” आणि ती हसली, तिच्यामुळे मुलगीही हसली. तो मात्र हसला नाही. माझ्या चाकाशी उकिडवा बसून तो त्या भेगांवरून बोट फिरवत राहिला.

त्या दिवशी ती दुपारभर माझ्यात झोपली. पंखा फिरत होता. खिडकीतून आवाराची भिंत दिसत होती.

टायर आले तेव्हा ती रुग्णालयात होती, आणि तिला बसवत नव्हते. त्याने ते तरीही चढवले. ती परत आली नाही.

(इथे काहीच काढून टाकलेले नाही. तरी मी जागा सोडतो.)

कौतुक

त्यानंतर त्याने माझ्यात काही दुरुस्त केले नाही. एकदा नळ ठिबकू लागला, तोही ठिबकू दिला. मुलगी फोनवर म्हणे, “बाबा, तुम्ही तरी जाऊन या.” तो म्हणे, “बघू.” अखेर त्याने मला विकायला काढले.

मला पाहायला एक जोडपे आले, बरोबर एक म्हातारी. तरुणाने दिवे लावले, दांडा ओढला, वाकून चाकेही पाहिली. त्याचा चेहरा उजळला.

“काका, कमाल आहे! जवळजवळ नवाच की. वापरलेलाच दिसत नाही.”

माझे इतके कौतुक आयुष्यात कुणी केले नव्हते. माझ्या मालकाने कठडा घट्ट धरला.

“हो,” तो म्हणाला. “वापरला नाही.”

“आम्ही जरा आतला रंग बदलणार. स्वयंपाकाचा ओटा थोडा मोठा करून घेऊ. मग आजीला घेऊन निघू कुठेतरी निवांत. ती केव्हाची मागे लागलीय.”

म्हातारी दारात उभी राहून माझ्या खिडकीतून बाहेर बघत होती.

“नको,” तो म्हणाला. इतक्या जोरात, की तरुण दचकला. मग त्याने आवाज खाली आणला. “म्हणजे, करा की. रंग करा, ओटा करा. छान होईल. पण आधी हिला फिरवून आणा. ह्याच आठवड्यात. असाच न्या.”

“अहो, पण तो नळ ठिबकतोय...”

“ठिबकू दे.”

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या गोष्टी शेवटी एकच विनंती करतात, की वस्तूंची काळजी घ्या. मीही करतो. सांधे वर्षातून एकदा तपासा, टायर वाळू देऊ नका, पाणी मुरू देऊ नका. पण तुमच्या घरात कुणी ठेवणीतले कपडे घालून, पिशवी मांडीवर घेऊन, “निघायचं ना?” असे विचारत बसले असेल, तर हातातले हत्यार आहे तिथे ठेवा आणि आधी उठा.